अर्थविषयक प्रश्नोत्तरे : विक्री लांबली, की कारणे बदलत गेली?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून सहकारनगरला राहतो. अडीच वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका छोट्या वैद्यकीय उपकरण कंपनीने एसएमई मंचावर (शेअर बाजाराच्या लहान-मध्यम कंपन्यांसाठीच्या विभागात) समभागांची प्राथमिक विक्री केली, तेव्हा अर्ज करून मला एक लॉट, म्हणजे समभागांचा एक ठरावीक संच, मिळाला. पुढे भाव चढत असताना मी आणखी एक घेतला. कंपनीचा कारखाना भोसरीला आहे आणि ती काही वर्षे नेब्युलायझर बनवते. जमवलेल्या पैशातून अतिदक्षता विभागात लागणारा सिरिंज पंप वर्षभरात बाजारात आणू, असे तिच्या माहितीपत्रकात लिहिले होते. त्यानंतरच्या पहिल्या सहामाही निकालाबरोबर कंपनीने परवान्याचे काम चालू असल्याचे कळवले, दुसऱ्या वेळी आयात होणारे सुटे भाग अडकल्याचे सांगितले, तिसऱ्या वेळी सरकारी निविदा लांबल्याचे सांगितले, आणि या वेळी ‘रुग्णालयांत चाचण्या सुरू आहेत’ एवढेच वाक्य आहे. भाव निम्म्यावर आला आहे. तळजाईला माझ्याबरोबर फिरायला येणारे एक मित्र म्हणतात की पंप वगैरे काही नाही, सगळा कागदी कारभार आहे. दुसरे मित्र डॉक्टर आहेत, त्यांच्या मते या व्यवसायात इतका वेळ जातोच. कोणाचे खरे मानावे, आणि समभाग ठेवावेत की विकावेत?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : समभाग ठेवावेत की विकावेत हे या सदरातून सांगता येणार नाही, तो सल्ला सेबी या शेअर बाजार नियामकाकडे नोंदणी असलेल्या गुंतवणूक सल्लागाराने आपली सगळी आर्थिक स्थिती पाहून द्यायचा असतो. आपल्या दोन मित्रांमधल्या वादाचा निवाडा मात्र बऱ्याच अंशी कागदांवरून करता येतो, आणि त्यासाठी लागणारे बहुतेक कागद भागधारक म्हणून आपल्याला घरबसल्या मिळू शकतात.

डॉक्टर मित्रांचे म्हणणे आधी घेऊ, कारण त्यात बरेच तथ्य आहे. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे स्वतंत्र नियम असून ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत उपकरणांचे जोखमीनुसार ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग केले आहेत. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते, तर सी आणि डी वर्गांचा परवाना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून घ्यावा लागतो. सुरुवातीला हे बंधन मोजक्याच उपकरणांना होते. ते टप्प्याटप्प्याने सगळ्यांवर आले, आणि सी व डी वर्गांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. रुग्णाच्या शिरेत औषध किती वेगाने जाते हे ठरवणारा पंप सी वर्गात मोडतो. म्हणजे विद्युत सुरक्षेच्या आणि इतर चाचण्या प्रयोगशाळेतून करून घेणे, गुणवत्ता व्यवस्थापनाची कागदपत्रे तयार करणे, कारखान्याची तपासणी होणे आणि तपासणीत निघालेल्या त्रुटी दुरुस्त करणे, एवढे सगळे पहिला पंप विकण्याआधी पार पडावे लागते. माहितीपत्रकात यासाठी एक वर्ष धरले होते, ते मला तेव्हाच अपुरे वाटले असते.

परवाना हातात आल्यावरही विक्री लगेच सुरू होत नाही. मोठ्या रुग्णालयात पंप आधी डेमोसाठी ठेवला जातो. परिचारिका तो वापरून पाहतात, बायोमेडिकल विभाग अभिप्राय देतो, मग प्रस्ताव खरेदी समितीपुढे जातो आणि अनेकदा नव्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकापर्यंत पडून राहतो. सिरिंज पंपाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिरिंजच्या आतल्या व्यासात थोडा फरक असतो, त्यामुळे रुग्णालयात जी सिरिंज वापरतात तिच्यासाठी पंपाचे प्रमाणीकरण केलेले असावे लागते. शिवाय रात्रपाळीच्या परिचारिकेला ज्या पंपाच्या धोक्याच्या सूचना सवयीच्या आहेत तोच पंप सगळ्या खाटांना असावा, हा रुग्णालयाचा आग्रह योग्यच असतो. त्यामुळे जुना पुरवठादार हटवणे नव्या कंपनीला फार अवघड जाते, आणि कमी किमतीने ही अडचण सुटत नाही.

सरकारी खरेदीची तऱ्हा निराळी. महाराष्ट्रात २०१७ पासून आरोग्य खात्यांची मध्यवर्ती खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवलेली होती. पुढे २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले. यंत्रणा बदलते तेव्हा निविदा पुढे सरकतात, हे पुरवठादारांना पाठ असते. त्यातही पूर्वी अमुक वर्षे पुरवठा केल्याचा अनुभव आणि किमान उलाढाल अशा अटी असतात. नवउद्योगांना आणि सूक्ष्म-लघु उद्योगांना त्यांत सवलत देण्याचे धोरण आहे, पण ती देताना गुणवत्तेबद्दल खात्री पटावी लागते, आणि ही खात्री पटवणे म्हणजे पुन्हा काही महिने. तेव्हा विक्रीला उशीर झाला, एवढ्यावरून कंपनी खोटी ठरत नाही.

आता आपल्या पहिल्या मित्रांची बाजू. मला स्वतःला उशीर तितका खटकत नाही, जितका कारणांचा क्रम खटकतो. सरकारी निविदेत सी वर्गाचे उपकरण घेऊन उतरायचे तर उत्पादनाचा परवाना आधी हवा. म्हणून तिसऱ्या सहामाहीत कंपनी निविदेची वाट पाहत असेल, तर तोपर्यंत तिला परवाना मिळालेला असायला हवा. तसे असेल तर परवाना मिळाल्याची घोषणा तिने शेअर बाजाराला केली होती का, हे बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाखाली पाहावे. इतके महिने ज्या परवान्याची वाट पाहिली तो हाती आला आणि प्रवर्तकांनी ते कोणाला सांगितले नाही, असे सहसा घडत नाही. सी वर्गाचा हा परवाना एमडी-९ या नमुन्यात असतो, त्याला क्रमांक आणि तारीख असते, आणि कोणत्या उपकरणासाठी तो दिला हेही त्यात लिहिलेले असते. नेब्युलायझरचा परवाना दाखवून कोणी आपले समाधान करू पाहिले, तर ते मान्य करू नये.

चौथ्या वेळचे ‘चाचण्या’ हे त्याहून अधिक संदिग्ध आहे. रुग्णालयात खरेदीपूर्वी होणारा डेमो ही एक गोष्ट झाली आणि उपकरण सुरक्षित व परिणामकारक आहे हे सिद्ध करण्यासाठी रुग्णांवर केलेला चिकित्सकीय अभ्यास ही दुसरी. पहिली गोष्ट परवान्यानंतरची आहे, दुसरी परवान्याआधीची. सिरिंज पंप हे काही नवलाचे उपकरण नाही. तशी अनेक उपकरणे आधीपासून बाजारात आहेत, त्यामुळे साध्या पंपाला रुग्णांवरील अभ्यास साधारणपणे लागू नये. तरी कंपनी असा अभ्यास करत असेल, तर त्यासाठी केंद्रीय संघटनेची परवानगी लागते आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने चालवलेल्या चिकित्सकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याची नोंद करावी लागते. ही नोंदवही कोणालाही पाहता येते. तिथे नोंद असेल, तर परवाना अजून मिळालेला नाही आणि निविदेचे कारण पोकळ होते असा निष्कर्ष निघतो. नोंद नसेल, तर चालू आहे तो डेमो आहे, आणि मग किती रुग्णालयांत, किती पंप, कधीपासून, एवढे तीन आकडे सांगायला कंपनीला काहीच अडचण नसावी.

सुट्या भागांचे कारण मात्र मी सहजासहजी फेटाळणार नाही. मोटर किंवा संवेदक मिळेनासा झाला आणि त्याऐवजी दुसरा बसवला, तर चाचण्या पुन्हा कराव्या लागू शकतात, आणि परवान्यानंतरचा मोठा बदल असेल तर परवाना देणाऱ्या केंद्रीय संघटनेची आगाऊ मंजुरी लागते.

यापुढचा शोध वार्षिक अहवालात घ्यावा. आपण बँकेत होता, त्यामुळे येणी (ग्राहकांकडून यायची बाकी) आणि साठा यांचे कोष्टक आपल्याला नवे नाही. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे प्रत्येक कंपनीला येणी किती जुनी आहेत हे वयोमानानुसार दाखवावे लागते : सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन वर्षे, दोन ते तीन आणि त्याहून जुनी. विकसित होत असलेल्या अमूर्त मालमत्तेचेही (म्हणजे नव्या उत्पादनाच्या विकासावर झालेल्या आणि मालमत्ता म्हणून दाखवलेल्या खर्चाचेही) असेच कोष्टक द्यावे लागते, आणि आपल्या कंपनीच्या बाबतीत मी पहिल्यांदा तेच उघडेन. लेखा मानक २६ नुसार संशोधनाचा खर्च त्या त्या वर्षीच नफ्यातून वजा करायचा असतो. विकासाचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवता येतो, पण उपकरण पूर्ण होईल, विकले जाईल आणि त्यातून पैसा येईल हे कंपनीला दाखवून देता आले तरच. पंपावरचा खर्च वर्षानुवर्षे मालमत्तेच्या रकान्यात साचत चालला असेल आणि एक रुपयाचीही विक्री नसेल, तर नेब्युलायझरवर दिसणारा नफा कितपत खरा, हा प्रश्न लेखापरीक्षकांनाही पडलेला असणार. त्यांच्या अहवालातील ‘लक्ष वेधण्याची बाब’ हा परिच्छेद म्हणून चुकवू नये.

उद्या पंपाची विक्री अचानक दिसू लागली, तरी ती तपासूनच घ्यावी. एसएमई मंचावरील कंपन्यांना भारतीय लेखा मानकांची नवी मालिका सक्तीची नाही, त्यांना जुनी मानके चालतात. त्यांतील नवव्या मानकाप्रमाणेसुद्धा पसंतीसाठी पाठवलेला किंवा वितरकाकडे विक्रीसाठी नुसता ठेवलेला माल ही विक्री नव्हे. छोट्या कंपन्यांना इथेच मोह होतो. अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिनच्या आर्थ्रोकेअर या शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने डिस्कोकेअर नावाच्या वितरकाकडे गरजेपेक्षा कितीतरी अधिक माल ढकलून तिमाहीची उद्दिष्टे पुरी झाल्याचे दाखवले होते. २००८ मध्ये तिला जुने हिशेब दुरुस्त करून पुन्हा मांडावे लागले, आणि २०१४ मध्ये ३ कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. तिची उपकरणे खरी होती, त्यांनी शस्त्रक्रियाही होत होत्या, फक्त विक्रीचे आकडे खोटे होते. आपले तळजाईचे मित्र उपकरण आहे की नाही यावर भर देतात. माझ्या मते विक्री आणि वसुली यांच्यातील अंतराकडे अधिक लक्ष द्यावे. विक्री वाढली, येणी तिच्याहून वेगाने वाढली आणि रोखप्रवाहाच्या पत्रकात कामकाजातून आलेली रोकड उणे राहिली, तर माल कुठल्या तरी गोदामात आहे असे समजायला हरकत नाही.

अर्थात, येणी वाढण्याला प्रामाणिक कारणही असू शकते. सूक्ष्म व लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. पण ज्या रुग्णालयाकडून पुढची ऑर्डर हवी आहे त्याच्याविरुद्ध या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे (थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे) जाणारा कारखानदार विरळाच. सरकारी पैसा मार्चअखेरीस सुटतो, म्हणून सप्टेंबरची सहामाही मार्चच्या सहामाहीशी ताडून पाहणे चुकीचे ठरते. मागच्या वर्षीच्या सप्टेंबरशीच तिची तुलना करावी. आणि २०२० मधला अनुभवही विसरता येत नाही. पीएम केअर्स निधीतून ५० हजार देशी व्हेंटिलेटर घेण्यासाठी २ हजार कोटी रुपये देण्यात आले आणि या क्षेत्रात मागणी एका रात्रीत उभी राहिली; साथ ओसरल्यावर ती तितक्याच वेगाने आटली. त्या काळातले आकडे पाहून ज्यांनी या व्यवसायाचा वेग ठरवला, त्यांना आजची संथ वाढ संशयास्पद वाटते.

पैशाचा माग काढायला आणखी एक साधन आहे. प्राथमिक विक्रीतून जमवलेला पैसा माहितीपत्रकात सांगितलेल्या कामासाठीच खर्च झाला का, त्यात काही फरक पडला का, याचे विवरण कंपनीला शेअर बाजाराकडे द्यावे लागते. पंपाच्या यंत्रसामग्रीसाठी ठेवलेली रक्कम अजून मुदत ठेवीत पडून असेल तर काम खरेच थांबलेले आहे, पण निदान पैसा शाबूत आहे. ती रक्कम खेळत्या भांडवलात किंवा संबंधित व्यक्तींच्या कंपनीला दिलेल्या आगाऊ रकमेत गेली असेल, तर माझी सहानुभूती संपते.

भाव निम्म्यावर येण्याला मी पुरावा मानत नाही. एसएमई मंचावर व्यवहार लॉटनेच होतात, खरेदीदार थोडे असतात, आणि दोन-चार जणांनी घाईने लॉट काढले तरी भाव कोसळतो. मात्र एक तारीख लक्षात ठेवावी. नोंदणीनंतर किमान तीन वर्षे मार्केट मेकरने (समभागाला गिऱ्हाईक राहावे म्हणून नेमलेल्या दलालाने) खरेदी-विक्रीचे भाव देत राहणे बंधनकारक असते. आपल्या कंपनीची ती मुदत संपायला सहा महिने उरले आहेत, त्यानंतर बाहेर पडण्याचा दरवाजा अधिक अरुंद होऊ शकतो.

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरच्या आत व्हावी लागते. सभेत भाषण करण्यापेक्षा आधी ई-मेलने लेखी प्रश्न पाठवावेत : पंपाच्या परवान्याचा क्रमांक व तारीख, डेमोसाठी दिलेले पंप विक्रीत धरले आहेत की साठ्यात, आणि आजवर पूर्ण किंमत देऊन पंप घेतलेली रुग्णालये किती. रुग्णालयांची नावे व्यावसायिक गुपित आहेत असे उत्तर आले तर ते मी मान्य करीन. परवान्याचा क्रमांक गुपित आहे असे उत्तर आले, तर तळजाईच्या मित्रांचे पारडे जड झाले असे समजावे.

प्रश्न : माझ्या भाच्याने तीन वर्षांपूर्वी मित्राबरोबर खासगी मर्यादित कंपनी काढली. नवजात बाळांच्या काविळीवर प्रकाशोपचार करणारे, वीज गेली तरी चालणारे उपकरण त्यांनी बनवले आहे. त्यांना सरकारी अनुदान मिळाले, बक्षिसेही मिळाली, पण विक्री ‘पुढच्या तिमाहीत’ असे गेले दीड वर्ष ऐकतो आहे. आता तो कंपनीसाठी १५ लाख रुपये १२ टक्के व्याजाने मागतो आहे. बहिणीला नाही म्हणणे जड जाते. कर्ज द्यावे की समभाग घ्यावेत?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : यात कायद्याची एक अडचण आहे, आणि ती आपल्याला सोयीचीच आहे. खासगी कंपनीने संचालकाकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून घेतलेली रक्कम, ती कर्जाऊ पैशातून दिलेली नसल्याचे लिहून दिल्यास, ठेव समजली जात नाही. पण कंपनी कायद्यातील नातेवाइकांच्या यादीत पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई आणि भाऊ-बहीण एवढेच येतात, शिवाय एकाच अविभक्त हिंदू कुटुंबाचे सदस्य. मामा त्या यादीत नाही. घरात मामाचा मान कितीही मोठा असला, तरी कंपनीच्या दृष्टीने आपण परके आहात, आणि आपले कर्ज ही ठेव ठरून भाचाच नियमभंगात सापडेल. मान्यताप्राप्त नवउद्योगाला परिवर्तनीय रोख्याचा (पुढे समभागांत बदलता येणाऱ्या कर्जाचा) मार्ग खुला आहे, पण त्यासाठी एका हप्त्यात किमान २५ लाख रुपये द्यावे लागतात. बहिणीने स्वतःच्या पैशातून कर्ज दिले तर ते चालते. आपण बहिणीला उसने देऊन तिने कंपनीला द्यावे, असा आडमार्ग मात्र सुचवू नये, कारण तिला लिहून द्यावे लागणारे निवेदन खोटे ठरेल.

उरतात ते समभाग. ते खासगी वाटपाने (कंपनी निवडक व्यक्तींना थेट समभाग देते तसे) घेता येतात : रक्कम आपल्या बँक खात्यातूनच जावी, मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाचे असावे, आणि ६० दिवसांच्या आत वाटप व्हावे. वाटप झाल्यावर कंपनीने १५ दिवसांत कंपनी निबंधकाकडे विवरण भरले का, हे विचारायला संकोच करू नये.

पण हे सगळे करण्याआधी भाच्याला एकच गोष्ट विचारावी, की हे १५ लाख कशावर खर्च होणार आहेत. अनुदानाचा उद्देश नमुना तयार व्हावा हा असतो. बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेचे ५० लाखांपर्यंतचे ‘बिग’ अनुदानही कल्पना सिद्ध करण्याच्या टप्प्यासाठीच आहे. त्या पैशातून बनवलेली आणि रुग्णालयांना फुकट दिलेली उपकरणे कितीही वाखाणली गेली, तरी त्यांतून कोणी पैसे मोजील हे कळत नाही. बालरोगतज्ज्ञ कौतुक करतात, खरेदीवर सही विश्वस्त करतात. भाच्याकडे दोन-तीन रुग्णालयांच्या लेखी खरेदी ऑर्डरी असतील, परवाना असेल, आणि सुटा माल आणायला व बिलाचे पैसे येईपर्यंत तग धरायला पैसे हवे असतील, तर ही मागणी समजण्यासारखी आहे. पैसे पगार आणि भाडे भागवायला हवे असतील, तर सहा महिन्यांनी तो पुन्हा येईल. त्या परिस्थितीत जी रक्कम परत न आली तरी बहिणीशी बोलणे बंद होणार नाही, तेवढीच भेट म्हणून भाच्याच्या हातात द्यावी आणि कंपनीचा विषय तिथेच मिटवावा.

प्रश्न : सूचिबद्ध कंपनी विक्रीबद्दल दिशाभूल करते असे वाटल्यास सामान्य भागधारकाने तक्रार कुठे करावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रथम कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला (नियमपालनाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला) लेखी विचारावे, त्याचे नाव व पत्ता शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर असतो. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार व्यवस्थेत तक्रार नोंदवता येते. एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या व्यवस्थेत कंपनीने २१ दिवसांत उत्तर द्यायचे असते, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत ती करावी लागते. भाव पडला, नुकसान झाले, ही तक्रार होऊ शकत नाही. कोणत्या तारखेच्या घोषणेत काय म्हटले होते आणि कोणत्या कागदात त्याच्या उलट दिसते, एवढेच लिहावे, आणि कंपनीशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत जोडावी.